टक्का-डी आणि मागचा व्हॉल्व्ह

११ मे २०१९, शनिवार

जुळलं! सगळे आकडे एकाखाली एक, उजव्या कडेला टेकून उभे. सकाळपासून तेवढ्यावरच बसले होते. काल ‘मिनिटं’चा रकाना वाकडा चालत होता — नऊ आणि दहा एका रेषेत येईनात. प्रिंटएफमध्ये %d होतं, तिथं %3d केलं. झालं. प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे शिस्तीत!

आईला दाखवलं. म्हणाली, "एवढ्याचा पगार देतेत?"

तिला समजावलं. प्रिंटएफ म्हणजे साचा गं. मजकूर ठरलेला, मधे जागा सोडायची. टक्क्याचं चिन्ह आणि डी, म्हणजे इथं आकडा येणार. टक्का-एस, म्हणजे इथं शब्द. स्ट्रिंग फॉरमॅट पण तसंच, फक्त ते पडद्यावर छापत नाही. ओळ तयार करून हातात देतं, मग ती पाठवा कुठं पाठवायची तिथं.

"म्हंजे लग्नपत्रिका," आई म्हणाली. "नावापुरती जागा सोडून छापायची."

अगदी तसंच.

मंगळवारी नानासाहेबांच्या सोसायटीत जाऊन नवी जावा टाकायची आहे — आमचा प्रोग्राम जिच्यावर चालतो ती. ऋतुराज सर म्हणाले, आठ नंबरची जुनी झाली, अकरा टाक. सर नानासाहेबांचेच चिरंजीव. पडेगावात जिथं नानांची ज्वारी उभी असायची तिथं आता इमारती उभ्या आहेत, आणि महापालिकेची पाइपलाइन काही तिथवर पोचलेली नाही. सगळं टँकरवर. टँकर एका मोठ्या टाकीत रिकामे होतात आणि आमचा प्रोग्राम एकेका इमारतीचा व्हॉल्व्ह ठरलेली मिनिटं उघडतो. म्हणजे प्रोग्राम फक्त ओळ पाठवतो — कुठला व्हॉल्व्ह, किती मिनिटं. वायरच्या टोकाला लोखंडी पेटी आहे, ती ओळ वाचते आणि व्हॉल्व्ह फिरवते. मिनिटं प्रोग्रामच मोजतो, वेळ भरली की शून्य पाठवतो, तेव्हाच बंद.

माझ्या एका ओळीवर एवढ्या घरांचं पाणी चालतं! कधी कधी विश्वास बसत नाही. सोयगावात आमच्या मेंढ्यांना पाणी पाजायला आप्पांबरोबर मैलभर चालायचे मी.

१३ मे, सोमवार

ऑफिसात नव्या जावावर सगळं तपासलं. एकही चूक नाही. बाहेर त्रेचाळीस. आमच्या खोलीतल्या नळाला नुसती हवा — सूं सूं.

१४ मे, मंगळवार. दुपार

आज टाळ्या मिळाल्या! खरंच!

दीडच्या सुमारास सोसायटीच्या पंपघरात पोचले. तिथले ऑपरेटर अजिनाथ काका. देवगाव रंगारीचे. बायको वारली, पोरगी नांदायला गेली, आता पंपघरातच राहतात. ‘मॅडम’ म्हणू नका सांगितल्यापासून मला पोरी म्हणतात. मी गेले की आधी स्टोव्ह पेटवतात. आज पेटवला नाही.

"लई वेळ लागंल का गं पोरी?"

"झालंच काका."

"तवर काम्पुटर बंदच र्‍हाईल?"

"राहील थोडा वेळ."

उगाच दारापर्यंत जायचे, परत आत यायचे. उन्हानं जीव घाबरा झाला असेल.

जुनी जावा काढली, नवी टाकली, प्रोग्राम सुरू केला. आणि आकडे मराठीत! ‘टाकी ७१ टक्के’! मी काहीच केलेलं नाही. त्या कॉम्प्युटरची भाषा नानासाहेबांनी मागेच हट्टानं मराठी करून घेतली होती, पण आमच्या प्रोग्रामचे आकडे इंग्रजीच यायचे. नव्या जावानं भाषा ओळखली आणि टक्का-डीच्या जागी मराठी आकडे बसवले म्हणायचे. शहाणीच आहे!

नेमके नानासाहेब दोन-तीन सभासदांना घेऊन आले. चष्मा कपाळावर नेऊन पडद्याजवळ वाकले.

"हे झ्याक केलंस पोरी. आपल्या मुलखात आपले आकडे!"

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. हे माझं काम नाही, आपोआप झालं — असं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. हसले नुसती.

ते गेल्यावर काकांनी घाईनं सगळ्या व्हॉल्व्हांचं ‘बंद’ एकदा दाबून घेतलं. सगळ्यांपुढं ‘बंद’ आलं. तेव्हा कुठं घाम पुसला. "जा आता पोरी. ऊन लागंल."

१४ मे. संध्याकाळ

टाकी रिकामी झाली. पूर्ण!

सरांचा फोन आला. ते ओरडत नव्हते, त्याचीच जास्त भीती वाटली. "मागचा व्हॉल्व्ह दुपारभर उघडा होता. सगळं पाणी नाल्यात गेलं."

मागचा व्हॉल्व्ह म्हणजे टाकीचा तळ धुवायचा. त्याचं पाणी कुंपणाच्या भिंतीपलीकडं नाल्यात जातं. पण तो बंद होता! काकांनी माझ्या डोळ्यांदेखत बंद दाबला!

काहीच सुचत नाही. आई जेवायला हाक मारतेय.

१५ मे, बुधवार

काकांना मारलं. लोकांनी.

मी ज्यांना ओळखते त्या लोकांनी! लिफ्टमध्ये ‘कशी आहेस बेटा’ विचारणाऱ्यांनी!

सकाळी गेले तेव्हा पंपघराच्या पायरीवर त्यांची एक चप्पल होती. वॉचमननं सांगितलं ते असं. दुपारी सोसायटी पंखे लावून झोपलेली. चारच्या पुढं कुणीतरी गच्चीवर गेलं, तर पलीकडं नाला वाहतोय! मे महिन्यात! आणि नाल्यात पलीकडच्या झोपडवस्तीतल्या बाया — हंडे, कळश्या, पातेली, हाताला येईल ते घेऊन. पोरं पाण्यात लोळतायत. काका लिंबाखाली झोपलेले. त्यांना तसंच उठवलं. "पाणी विकतो का रे? कितीला विकलं?" ते एकच सांगत होते, "मी बंद केला व्हता. बंद केला व्हता." कुणी ऐकलं नाही. डोक्याला खोक पडली आणि डावा हात मोडला. घाटीत, सरकारी दवाखान्यात नेलंय.

नानासाहेब म्हणे मधे पडले, पण उशिरा.

भिंतीपलीकडं गेले. नाला तोवर चिखल झालेला. तिथं दगडाबाई नावाची म्हातारी चिखलात खड्डा करून वाटीनं पाणी उपसत होती. विचारलं, काल काय झालं? तिनं मान वर केली नाही.

"पानी आलं, भरलं. कुठून आलं ते इचारायचं असतं व्हय?"

 

१६ मे, गुरुवार

सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आपल्या बाजूनं सगळं चोख आहे ना?"

मी म्हणाले, "हो सर. तपासलंय."

"मग विषय संपला. म्हातारा खोटं बोलतोय."

परत बसून तपासलं. व्हॉल्व्ह चार — म्हणजे मागचा — बंद. ओळ तयार झाली. ऑफिसातल्या जादाच्या पेटीनं ती वाचली, हिरवा दिवा लागला. परत केलं. हिरवा. परत. हिरवा.

आई म्हणते, तो माणूस खोटं बोलायचा नाय. मी म्हटलं, आई, यंत्र पण खोटं बोलत नाही.

१७ मे, शुक्रवार

माझ्या मशीनवर बरोबर चालतं!! मग?

१८ मे, शनिवार

सापडलं. सापडायला नको होतं असं वाटतंय.

पंपघरात सध्या वॉचमनच बसतो. मंगळवारपासून पेटीचा दांडा हातानंच फिरवतायत, प्रोग्रामवर कुणाचा विश्वास राहिलेला नाही. मी म्हटलं, एकदा पाहू दे. प्रोग्राम सुरू केला, व्हॉल्व्ह चारला ‘बंद’ दाबलं. पडद्यावर ‘बंद’. पेटीकडं पाहिलं. लाल दिवा.

परत दाबलं. पडद्यावर ‘बंद’. पेटी लाल.

मग वायरवर नेमकं काय जातंय ते पडद्यावर काढलं. जायला हवं होतं —

V04T000

आणि जात होतं —

V०४T०००

कितीतरी वेळ नुसती बघत बसले. चार नंबरचा व्हॉल्व्ह, शून्य मिनिटं. अगदी बरोबर आहे की! कुणाही माणसाला दाखवा, वाचेल. पण पेटी माणूस नाही. तिला इंग्रजी आकडे तेवढे कळतात. तिच्या लेखी ही ओळच नव्हती, कचरा होता. तिनं काहीच केलं नाही. उघडा व्हॉल्व्ह उघडाच राहिला. आणि माझा प्रोग्राम! तो पेटीला विचारतसुद्धा नाही, झालं का बंद म्हणून. ओळ पाठवली की आपल्या मनानंच ‘बंद’ छापून मोकळा.

पडद्यावरचे आकडे आणि पेटीला जाणारे आकडे — दोन्ही एकाच टक्का-डीतून निघतात. ज्या आकड्यांवर मी टाळ्या घेतल्या, तेच. तेच!! ऑफिसातलं माझं मशीन इंग्रजीत आहे, म्हणून तिथं हिरवा दिवा. ते मशीन मराठीत करून बघायचं माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

मग व्हॉल्व्ह मुळात उघडा का होता? त्याचाही विचार केला. आठवड्यातून एकदा तळ धुवायला मागचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, थोडी मिनिटं. प्रोग्राममध्येच आहे ते. धुणं चालू असताना मी प्रोग्राम थांबवला असणार. उघडणारी जुनी जावा, बंद करणारी नवी. मधे मी.

काका खरं बोलत होते. मार खाताना पण खरंच बोलत होते.

वॉचमननं विचारलं, "काय झालं ताई? रडायला काय झालं?"

२० मे, सोमवार

सरांना सांगितलं. केबिनचं दार लावून, सगळं दाखवलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता उठतील आणि घाटीत जातील.

"दुरुस्त किती वेळात होईल?"

लगेच होतं सर. स्ट्रिंग फॉरमॅटला सुरुवातीलाच लोकेल सांगायचं. म्हणजे ही ओळ माणसासाठी नाही, यंत्रासाठी आहे, हिला कुठल्याच गावची भाषा लावू नकोस. एक शब्द घालायचा फक्त.

"मग घाल. आणि हे तुझ्या-माझ्यात राहू दे."

"आणि काका?"

सर खिडकीकडं बघत म्हणाले, "प्रांजली, माझा बाप त्या सोसायटीचा अध्यक्ष आहे. लोक काय म्हणतील? बापानं पोराच्या कंपनीला काम दिलं आणि पोरानं टाकी रिकामी केली. काकांचं मी बघतो ना. दवाखान्याचं सगळं बघतो."

ते वाईट माणूस नाहीत. कॉलेज संपल्यावर कुणी उभं करत नव्हतं, तेव्हा त्यांनीच नोकरी दिली. म्हणूनच जास्त धक्का बसला.

एक शब्द घातला. हिरवा दिवा लागला.

२१ मे, मंगळवार

घाटीत गेले. काका कॉटवर, डोक्याला पट्टी, हात गळ्यात. उशाशी दगडाबाई! पडेगावहून रिक्षानं भाकरी घेऊन आलेली. मला बघून तिनं पदर सावरला आणि भाकरीचं फडकं आवरायला लागली.

मी म्हटलं, "काका, चूक प्रोग्रामची होती. तुम्ही बंद केला होता, मला माहितीये."

काकांना आनंद झालेला दिसला नाही. म्हणाले, "जाऊ दे पोरी. कुणाला सांगू नको. तुझी नोकरी जाईल."

मार खाल्लेला माणूस माझ्या नोकरीची काळजी करतो! 

२२ मे, बुधवार

आईला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. थांबली नाही. "आप्पा तुझे म्हणतेत, वाट चुकलेलं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात गेलं तर आपणच जाऊन सांगावं." तेवढंच. मग भाजीत मीठ जास्त पडलं.

२६ मे, रविवार

बोलले. 

सोसायटीची सभा, पार्किंगमध्ये. विषय एकच — अजिनाथला काढायचं आणि पोलिसांत द्यायचं. काका मागच्या खुर्चीवर, हात गळ्यात. कालच सोडलंय त्यांना. वॉचमन धरून घेऊन आला. नानासाहेब टेबलाशी, शेजारी ऋतुराज सर. मी सभासद नाही. उठून उभी राहिले तर सर मानेनंच ‘नको’ म्हणाले.

लॅपटॉप उघडून दोन ओळी दाखवल्या. एकीत इंग्रजी आकडे, एकीत मराठी. म्हटलं, हीच चूक. ही माझी. काकांनी बंद केला होता, मी समोर होते. पेटीला कळलं नाही, कारण नवी जावा मी टाकली आणि मराठीत तपासली नाही. त्या दिवशी तुम्ही टाळ्या वाजवल्या, त्या ह्याच आकड्यांना.

 ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यातला एक खाली बघत होता. मारणाऱ्यांतही तो होता, हे मला आज कळलं!

कुणीतरी विचारलं, "पण व्हॉल्व्ह उघडला कुणी?"

मी म्हटलं, "तळ धुवायला तो आपोआप उघडतो. काकांनी त्याला हातसुद्धा लावला नव्हता!"

काका खुर्चीतून अर्धे उठले. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग परत बसले, तोंडावर हात ठेवून. माझेही डोळे भरून आले.

नानासाहेब उठले. मला वाटलं, आता माझ्यावर फुटणार. ते मुलाकडं वळले. "तुला माहीत होतं?"

सर टेबलावरचे कागद जुळवायला लागले.

"कधीपासून?"



नानासाहेबांनी सगळ्यांदेखत टोपी काढली, चालत मागं गेले आणि काकांसमोर उभे राहिले. एवढा मोठा माणूस! "अजिनाथ, माझ्या दारात तुझ्यावर हात पडला. मी उशिरा आलो. चुकलं." मग मागं न बघता म्हणाले, "ऋतुराज, तुझी पेटी उचल इथून."

काका लहान पोरासारखे रडत होते. "नका नाना, नका," एवढंच म्हणत होते.

२७ मे, सोमवार

नोकरी गेली. सरांनी फोनही केला नाही, ऑफिसच्या पोरीकडून निरोप.

वाईट वाटतंय. तरी आज पहिल्यांदा झोप लागेल असं वाटतं.

३० मे, गुरुवार

सिडकोतल्या एका कंपनीत मुलाखत. त्यांनी विचारलं, आधीची नोकरी का सोडली? सगळं सांगितलं. समोरची बाई पेन खाली ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमच्याही प्रोग्राममध्ये बघावं लागेल." आणि उठून बाहेरच गेली! कळवतो म्हणालेत.

आप्पांचा फोन — सोयगावकडं अजून ढगसुद्धा नाही. मेंढ्या घेऊन खाली उतरतायत.

३ जून, सोमवार

काका परत कामावर. आज भेटायला गेले. एका हातानं चहा केला. कप माझ्यापुढं सरकवला.

"पोरी, तळ धुनं मी शिमग्यापासूनच काढून टाकलं व्हतं. एवढ्या दुष्काळात टाकी धुतं का कुनी? मागचा व्हॉल्व्ह मीच खोलायचो. रोज दुपारी, सगळी निजली की. वस्तीला."

बाहेर टँकर लागला. ते उठून गेले.

चहा तसाच राहिला.